फ्लॅटमध्ये पोपट पाळायचाय? आधी घर मोजा, मग पक्षी निवडा

सुरुवातीलाच एक कटू गोष्ट सांगून टाकू. आपण ज्याला पोपट, राघू, मिठू म्हणतो तो पाळता येत नाही. हिरवं अंग, लाल चोच, नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ असलेला हा पक्षी संध्याकाळी पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या झाडांवर थव्याने उतरतो. तो भारतीय रानपक्षी आहे आणि त्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा राघू आणि जांभळट-लाल डोक्याचा छोटा पोपट यांनाही तेच लागू. पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं असं सगळंच गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. “आजीच्या वाड्यात होता की” किंवा “बाजारात उघड विकतात” या सबबी चालत नाहीत.

निळा, पिवळा, करडा ‘रिंगनेक’ म्हणून जो विकतात, तोही हाच पोपट. पिंजऱ्यातल्या पैदाशीत रंग बदलला, जात तीच राहिली. विकणारा छातीठोकपणे “हा परदेशी” म्हणेल, तरी त्याच्या नादी लागू नका. हिरवा पोपट आधीच घरात असेल तर त्याला गच्चीवरून उडवून ‘मुक्त’ करण्याचं पुण्यकर्मही नको. पंख कापलेला, माणसाळलेला पक्षी कावळे आणि मांजरांच्या तावडीतून एक दिवससुद्धा वाचणं कठीण. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करून पक्षी रीतसर सोपवा.

मग उरतात मूळचे परदेशी, पण पिंजऱ्यात पैदास झालेले पक्षी. त्यांचे कायद्याच्या दृष्टीने दोन गट पडतात. बजी (ज्याला पुण्यात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो छोटा रंगीत पक्षी), तुरेवाला कॉकाटील आणि पीच-फेस जातीचा खरा लव्हबर्ड यांना नोंदणी लागत नाही. कन्युअर (लांब शेपटीचा छोटा पोपट), मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे (पुढे नुसता ‘ग्रे’) आणि डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले लव्हबर्ड मात्र कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येतात. २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. विकणाऱ्याकडून पावती, पायातल्या रिंगचा नंबर आणि त्याच्या स्वतःच्या नोंदणीची प्रत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. “कागद नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो” असं म्हणाला तर तो पक्षी घेऊच नका.

घर मोजायचं म्हणजे काय

पक्षी बघायला जाण्याआधी कागद घ्या आणि पाच गोष्टी लिहा: घरात माणूस किती तास असतो, भिंतीपलीकडे कोण राहतं, घरातल्या कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे का, पुढची किती वर्षं हमी देऊ शकता, आणि मांजर-कुत्रं आहे का.

तासांचा हिशोब खोटा करू नका. नवरा-बायको दोघंही हिंजवडीला सकाळी नऊला निघून रात्री आठला परत येत असतील, तर एकटा कन्युअर किंवा एकटा ग्रे आणणं म्हणजे त्याला रोज अकरा तासांची एकांतवासाची शिक्षा. तो ओरडायला लागेल, मग स्वतःची पिसं उपटायला लागेल. ही सवय एकदा लागली की सहसा जात नाही. अशा घराला बजीची जोडी बरी, कारण त्यांची करमणूक ती दोघं एकमेकांत करून घेतात. त्याची किंमत म्हणजे जोडी तुमच्या बोटावर बसायला तितकीशी उत्सुक नसते.

आवाजाबाबत फसगत सगळ्यात जास्त होते, कारण दुकानात पक्षी घाबरून गप्प असतो. सगळेच पोपट सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी मावळताना ओरडतात. ही त्यांची थव्याला हाक मारण्याची वेळ आहे. शिकवून हा ओरडा बंद होत नाही. सन कन्युअर नावाचा पिवळा-केशरी देखणा पक्षी इंटरनेटवर बघून लोक घेतात. त्याची किंकाळी दोन भिंती आणि एक जिना ओलांडून जाते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचा फ्लॅट नंबर यायला आठवडा पुरतो. निवड करताना त्या पक्ष्याचा आवाज मोबाईलवर पूर्ण व्हॉल्यूमला लावून शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून ऐका. वेडगळ वाटेल, पण नंतरच्या भांडणांपेक्षा बरं.

छातीचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. कॉकाटील, काकाकुवा आणि ग्रे यांच्या अंगातून पिठासारखी बारीक पांढरी भुकटी सतत झडते. काळ्या टी-शर्टवर कॉकाटील दहा मिनिटं बसवला तर खांद्यावर रांगोळी सांडल्यासारखी दिसते. घरात दम्याचा रुग्ण, लहान बाळ किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेली वयस्क व्यक्ती असेल तर हे तिन्ही पक्षी नकोतच. ग्रीन-चीक कन्युअर, बजी आणि लव्हबर्ड यांची भुकटी बरीच कमी असते, पण शून्य नाही. निर्णय पक्का करण्याआधी ज्याच्या घरी तो पक्षी आहे तिथे दोन-तीनदा तासभर बसून या.

वर्षांचं गणित सोपं आणि निष्ठुर आहे. बजी जगतो ५ ते १० वर्षं, लव्हबर्ड १० ते १५, कॉकाटील १५ ते २०, ग्रीन-चीक २० ते २५, ग्रे ४० ते ६० आणि मकाव ५० च्या वर. पन्नाशीतल्या माणसाने ग्रे घेतला तर तो पक्षी कुणाच्या नावावर करायचा, याची चर्चा आजच मुलांशी करावी.

कोणता पक्षी कुणाला

बजी म्हणजे तो छोटा रंगीत पक्षी ज्याला पुण्यात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड वेगळा: आखूड शेपटी, मोठी चोच आणि स्वभावाने बराच तापट. दुकानात नाव सांगून गोंधळ होतो, म्हणून फोटो दाखवा. बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम, जोडी शेकड्यांत मिळते आणि आवाज किलबिलीइतकाच. पहिल्यांदा पाळणाऱ्याला यापेक्षा चांगली सुरुवात नाही. नर बोलायलाही शिकतो, फक्त एकटा आणि तीन-चार महिन्यांच्या आतला हवा. तरीही “शंभर टक्के बोलतो” हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस विकायला बसलाय एवढंच त्यातून कळतं.

कॉकाटीलला दुकानात ‘कॉकटेल’ म्हणतात. ८० ते १०० ग्रॅमचा, डोक्यावर तुरा असलेला, गालावर केशरी ठिपका. स्वभावाने सगळ्यात मवाळ. नर शिट्ट्या छान मारतो, आरतीची चाल ऐकून ऐकून उचलतो. भुकटीची अडचण नसेल तर दिवसातले दोन-तीन तास देणाऱ्या घराला हा उत्तम. याला रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटण्याची खोड असते, त्यामुळे झिरोचा दिवा चालू ठेवावा.

ग्रीन-चीक कन्युअर ६० ते ८० ग्रॅमचा. खेळकर, अंगावर चढणारा, कन्युअरांमध्ये आवाज त्यातल्या त्यात सहन होण्यासारखा. चावतो मात्र. बोटाचं रक्त काढण्याइतकं. दहा वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नये.

लव्हबर्ड जोडीने ठेवला तर तुमच्याकडे ढुंकून पाहत नाही, आणि मादी दुसऱ्या जातीच्या छोट्या पक्ष्याचे पाय तोडते. बजी आणि लव्हबर्ड एका पिंजऱ्यात कधीच नकोत.

ग्रे, मकाव, काकाकुवा यांच्याबद्दल थोडक्यात: फ्लॅटमध्ये नको. हौस आणि पैसा असूनही नको. ग्रेची रानातली अवस्था इतकी वाईट झाली की २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंधन आलं. स्वतंत्र बंगला, दिवसभर घरात असलेला माणूस आणि पक्ष्यासाठी एक आख्खी खोली असेल तरच पुढचा विचार.

पिंजरा पक्ष्याच्या आधी

बहुतेक लोक पक्ष्याबरोबर दुकानदार देईल तो पिंजरा आणतात. तो साधारण एक फुटाचा चौकोन असतो, पक्षी घरी न्यायला ठीक, राहायला नाही. बजीच्या जोडीला किमान ३० इंच लांब, १८ रुंद, १८ उंच. कॉकाटील किंवा ग्रीन-चीकला २४ बाय २४ आणि उंची ३० इंच. पक्षी आडवा उडतो, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. गोल घुमटाचा पिंजरा शोभेला छान, पण वर सळया जिथे जवळ येतात तिथे बोटं आणि मान अडकते.

पट्टी खिशात ठेवूनच जा. बजी, लव्हबर्ड, कॉकाटील, ग्रीन-चीक या सगळ्यांना सळयांमधलं अंतर अर्धा इंच. पाऊण इंचातून बजी डोकं घालतो आणि ते परत निघत नाही. वर सरकणारी दारं पक्षी चोचीने उचलतात, सुटली तर मानेवर पडतात. प्रत्येक दाराला छोटी स्प्रिंगची कडी लावा, रविवार पेठेत बोहरी आळीत कुठेही मिळते.

स्वतः जाळी आणून पिंजरा करणार असाल तर नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवरचं जस्त लक्षात ठेवा. पोपट सळई चोचीत धरून चढतो, जस्ताचे कण पोटात जातात, मग उलटी, हिरवट पाण्यासारखी विष्ठा आणि अशक्तपणा. जाळी व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवून घेतल्याने धोका कमी होतो, संपत नाही. पावडर कोटिंगचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पिंजरा परवडत असेल तर तोच घ्या.

आतल्या प्लॅस्टिकच्या गुळगुळीत काड्या काढून टाका. सारख्या जाडीच्या काडीवर तळव्याच्या एकाच जागी भार येऊन फोड होतात. पेरू किंवा कडुलिंबाच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. बजीला साधारण १ ते १.५ सेंटिमीटर जाडी, कॉकाटीलला दीड ते अडीच, आणि प्रत्येक फांदी वेगळ्या जाडीची. कण्हेर आणि रुई विषारी आहेत, सोसायटीच्या बागेतून तोडताना झाड ओळखूनच तोडा.

मडकं टांगायचं की नाही हा लहानसा वाटणारा मोठा प्रश्न. बजीच्या पिंजऱ्यात शोभेसाठी मडकं टांगलं की मादी महिन्याभरात अंडी घालायला लागते. एक झोळ झाला की दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा, आणि कॅल्शियम संपून अंडं अडकून ती मरू शकते. पिल्लं नको असतील तर मडकं नको. समुद्रफेसाचा तुकडा मात्र कायम असावा.

पिंजरा कुठे? स्वयंपाकघरात अजिबात नाही. हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला टेकलेली, तुमच्या छातीच्या उंचीला, पंख्याच्या थेट खाली नाही. बाल्कनीत कबुतरं येतात, त्यांची विष्ठा आणि आजार दोन्ही पिंजऱ्यात पडतात. जाळी लावलेली असली तरी तिथे सकाळचं कोवळं ऊन वीस मिनिटं, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली धरून, आणि तुम्ही समोर. रात्री दहा-बारा तास अंधार (कॉकाटीलचा झिरोचा दिवा सोडून) आणि शांतता लागते. टीव्ही अकरापर्यंत चालणार असेल तर झोपायला वेगळा छोटा पिंजरा आतल्या खोलीत ठेवा.

पक्षी बघताना

पिंजऱ्याजवळ लगेच जाऊ नका. सहा-सात फुटांवर पंधरा मिनिटं उभं राहा. आजारी पक्षी माणूस जवळ आला की ताठ बसून तब्येत लपवतो. लांबून बघितलं तर पिसं फुगवून दोन्ही पायांवर पेंगतोय, श्वासागणिक शेपटी खालीवर हलतेय हे दिसतं. निरोगी पक्षी पेंगतो तेव्हा सहसा एका पायावर.

मग जवळून: डोळे कोरडे आणि स्वच्छ, नाकपुड्या मोकळ्या, चोचीच्या मुळाशी मधमाशीच्या पोळ्यासारखा खरखरीत थर नाही (असेल तर खरजेचे किडे), गुदद्वाराभोवतीची पिसं स्वच्छ. तळाचा कागद बघा. विष्ठेत हिरवा किंवा तपकिरी भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी असं तिन्ही वेगळं दिसायला हवं. बजीच्या विष्ठेत आख्खे दाणे दिसले तर पचनाचा आजार आहे, कितीही भाव उतरला तरी घेऊ नका. शेवटी विक्रेत्याला पक्षी धरायला सांगून छातीवरून बोट फिरवा. मधल्या उभ्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर पक्षी उपाशी किंवा आजारी आहे.

वय ओळखायला बजीचं कपाळ बघा. पिल्लाच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट नाकपुडीच्या पट्टीपर्यंत येतात, पहिल्या पिसझडीनंतर कपाळ साफ होतं. मोठ्या नराची ती पट्टी सहसा निळी, मादीची तपकिरी.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. “बिनपिसाचं पिल्लू घ्या, हाताने भरवा, तरच माया लागते.” हे खरं नाही. पिल्लाचा पातळ खाऊ ३९ ते ४१ अंशांच्या मधेच हवा. गार दिला तर पोटात आंबतो, मायक्रोवेव्हमध्ये तापवून दिला तर मधेच गरम राहिलेला घास अन्नपिशवी भाजतो, आणि काही दिवसांनी गळ्याला भोक पडून खाऊ बाहेर यायला लागतो. सिरिंज चुकीच्या बाजूने धरली तर श्वासनलिकेत जाऊन पिल्लू तुमच्या हातात मरतं. ‘सेल्फ’ झालेलं, म्हणजे स्वतः खाणारं पिल्लूच मागा. आणि ‘सेल्फ’ हा शब्द ऐकून भागत नाही, खाताना बघा: दाणा चोचीत फिरला पाहिजे, फोल खाली पडलं पाहिजे. नुसतं टोचणं म्हणजे खाणं नव्हे.

पहिला महिना

घरी दुसरा पक्षी असेल तर नवा ३० दिवस वेगळ्या खोलीत, त्याची भांडी वेगळी, आणि जुन्याचं करून झाल्यावरच नव्याला हात. पहिले तीन दिवस नुसतं पिंजऱ्याजवळ बसून बोला, हात आत घालू नका.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा काटा आणा आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहा. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर, थांबायचं नाही. पस्तीस ग्रॅमच्या बजीसाठी हे जेमतेम साडेतीन ग्रॅम होतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

वाटी भरलेली दिसते पण आत नुसतं फोल असतं, या एका गोष्टीने उपाशी मेलेले पक्षी कमी नाहीत. रोज वाटीवर फुंकर मारा, फोल उडेल, खाली काय उरतं ते कळेल. बजीला दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे दाणे पुरतात. राळे, बाजरी असं मिश्रण असावं, सूर्यफूल नावापुरतं. नुसत्या दाण्यांवर ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं. म्हणून रोज गाजर, लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग. हिरवी मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा, लसूण आणि फरसाण बंद. पेलेट्सवर, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांवर, आणायचं असेल तर चार ते सहा आठवडे घ्या आणि रोजचा काटा चुकवू नका. वाळू-खड्यांची गरज नाही, कारण पोपट दाणा सोलूनच गिळतो.

पावसाळ्यात दाणे दोन-तीन आठवड्यांपुरतेच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलसर शेंगदाण्यावरची बुरशी यकृताला मारते. कुबट वास आला तर आख्खा डबा फेका, निवडत बसू नका.

धूर, पंखा आणि सण

पक्ष्याची श्वसनसंस्था इतकी नाजूक की नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने हॉलमधला पक्षी काही मिनिटांत मरतो. तवा बिडाचा किंवा लोखंडाचा वापरा. फोडणीचा ठसका, उदबत्ती, धूप, डास मारायची कॉइल आणि लिक्विड मशीन, डांबरगोळ्या, फिनेल हे सगळं पक्ष्याच्या खोलीबाहेर. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका. गल्लीत धूरफवारणीचं यंत्र आलं की खिडक्या बंद आणि पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत.

उडायला बाहेर काढण्याआधी पंख्याचा स्विच बंद करून त्यावर चिकटपट्टी लावा. न सांगता कुणीतरी येऊन बटण दाबतोच. बादल्या झाकलेल्या, कमोडचं झाकण बंद, आरशावर पडदा.

गणपतीतला ढोल-ताशा आणि दिवाळीतले फटाके हे वर्षातले सगळ्यात वाईट दिवस. पिंजरा आतल्या खोलीत, तीन बाजूंनी चादर, एक बाजू उघडी, मंद दिवा आणि रेडिओ हळू आवाजात. पूर्ण अंधार करू नका, घाबरलेला पक्षी अंधारात जास्त आपटतो. उन्हाळ्यात चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून बसला तर त्याला ऊन बाधतंय, पाण्याचा बारीक फवारा मारा आणि गार खोलीत न्या.

डॉक्टर

पक्षी आणण्याआधीच दोन दवाखान्यांना फोन करून सरळ विचारा: पक्षी तपासता का, आणि रविवारी कोण असतं. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर भरपूर आहेत, पोपट बघणारे मोजके. आणल्यावर पहिल्या आठवड्यात तपासणी आणि पोपटतापाची (सिटॅकोसिसची) चाचणी करून घ्या. हा ताप माणसालाही होतो. घरात कुणाला ताप आणि कोरडा खोकला लांबला तर फिजिशियनला “घरी पोपट आहे” हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

पक्षी फुगून तळाशी बसला तर तो बरेच दिवस आजारी होता असं समजा. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी टॉवेल, एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, म्हणजे त्याला नको वाटलं तर दुसऱ्या बाजूला सरकता येईल. आत साधारण ३० अंश असावेत. तोंडात पाणी किंवा औषध ओतू नका. निघताना पिंजऱ्याच्या तळाचा कालपासूनचा कागद विष्ठेसकट घडी घालून पिशवीत टाका आणि वजनाची वही सोबत घ्या.